आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

रोजच्या सवयींबद्दल वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत शाळकरी मुलगा आहे, भिशी आहे, जिना आहे, कुत्राही आहे. पण जवळपास प्रत्येक पत्रातल्या पायऱ्या त्याच: आधी समजावून सांगितलं, मग रागावून पाहिलं, मग दंड किंवा बक्षीस लावलं, आणि आता 'काहीच उपयोग होत नाही' म्हणून आम्हाला लिहिलं. बंब आहे, पाणीही भरपूर आहे. आग मात्र दुसरीकडेच लागली आहे. म्हणून प्रत्येक उत्तरात आम्ही दोन गोष्टी शोधल्या. या वागण्यातून त्या माणसाच्या पदरात काय पडतं? आणि त्याच जागी, त्याच क्षणी त्यानं दुसरं काय करायला हवंय? या दुसऱ्या प्रश्नाला 'हे करू नये' एवढंच उत्तर येत असेल, तर ते उत्तर नव्हे.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. शाळेची बस ७.१० ला येते. सव्वासहापासून हाका मारते, दहाव्या हाकेला उठतो. तोवर माझा आवाज चढलेला असतो. पुढे दात घासणं, युनिफॉर्म, बूट, सगळ्याला तेच. रात्री साडेनऊला झोपतो, त्यामुळे झोप कमी पडते असंही नाही. (कोल्हापूर)

उत्तर : आधी हिशेब करू. साडेनऊ ते सव्वासहा म्हणजे पावणेनऊ तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तासांची झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. शिवाय साडेनऊला अंथरुणावर पडला म्हणजे साडेनऊला झोपला असं नव्हे. तेव्हा झोप कमी पडतेच आहे. झोपायची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा, पावणेनऊपर्यंत. एकाच दिवशी पाऊण तास अलीकडे ओढलीत, तर तो अंधारात टक्क जागा राहील आणि 'मला झोपच येत नाही' हे नवं प्रकरण सुरू होईल.

आता हाकांकडे वळू. तो ऐकत नाही, हे खरं नाही. तो फार नीट ऐकतो. पहिल्या नऊ हाकांनंतर काहीच घडत नाही, दहाव्या हाकेला आई खोलीत येते, हे त्याला पाठ आहे. म्हणजे नऊ हाकांचा अर्थ 'अजून वेळ आहे' आणि चढलेला आवाज हा त्याचा खरा गजर. हाका वाढवल्यात तर तो अकराव्या हाकेपर्यंत झोपेल.

उपाय थोडा विचित्र वाटेल: सकाळची तालीम संध्याकाळी घ्यायची. साडेपाचच्या सुमाराला, दोघंही बऱ्या मनःस्थितीत असताना, अंथरूण घाला, पडदे ओढा, तो डोळे मिटून पडू दे. घड्याळाचा गजर वाजला की त्यानं उठून बसायचं, पाय जमिनीला लावायचे, चालत जाऊन गजर बंद करायचा (म्हणून घड्याळ उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला हवं) आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन ब्रश हातात घ्यायचा. संपलं. चाळीस सेकंदांचा खेळ. रोज तीनदा, पाच-सहा दिवस. एका फेरीत तुम्ही झोपा आणि त्याला तुम्हाला उठवू दे. शाबासकी देताना 'शहाणा माझा' असं मोघम नको. 'गजर वाजल्याबरोबर पाय खाली आले' असं नेमकं बोला.

हे चालतं याचं कारण साधं आहे. अर्धवट झोपेतल्या डोक्यात उपदेश शिरत नाही. अंगवळणी पडलेली हालचाल मात्र शरीर झोपेतही करतं. आपण नाही का, डोळे न उघडता दिव्याचं बटण दाबत? मोठ्यांना ही तालीम वेडेपणाची वाटते. मुलांना वाटत नाही.

प्रत्यक्ष सकाळी गजर, पाठीवर हात, 'सव्वासहा झाले' हे एक वाक्य, आणि तुम्ही खोलीबाहेर. तीन मिनिटांत उठला नाही तर परत या, दिवा लावा आणि न बोलता त्याला हातानं बसतं करा. 'उठतोस की नाही?' हा प्रश्न विचारूच नका. त्याला 'नाही' हेही उत्तर असतं.

पुढच्या कामांचा क्रम बदला. बहुतेक घरांत आधी टीव्हीसमोर नाश्ता आणि मग युनिफॉर्म असा क्रम असतो. म्हणजे गोड आधी, कडू नंतर. तो उलटा करा: दात, आंघोळ, युनिफॉर्म, बूट, दप्तर दाराशी, आणि मग नाश्ता. हे तत्त्व १९५९ मध्ये डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञानं शास्त्रीय भाषेत मांडलं. आपल्या आज्या 'आधी भाजी संपव, मग आंबा' म्हणत त्याच तत्त्वावर घर चालवत होत्या. युनिफॉर्मवर सांडेल ही भीती असेल तर बाबांचा जुना शर्ट वरून उलटा घाला, बटणं पाठीमागे.

फसतं कुठे? तिसऱ्या ते पाचव्या दिवशी प्रकार वाढतो. दहावी हाक आली नाही की तो तिची वाट बघत जास्तच लोळतो. त्या दिवशी तुमचा आवाज चढला, तर 'पुरेसं थांबलं की हाक येतेच' हे तो शिकतो, आणि पुढच्या वेळी सुधारणा दुप्पट अवघड होते. म्हणून परीक्षेच्या किंवा घरी पाहुणे असलेल्या आठवड्यात सुरुवात करू नका. आणि बस चुकली तर काय करायचं, हे आदल्या रविवारीच ठरवा. बस चुकू द्यायची तयारी नसेल, तर तशी धमकीही देऊ नका.

प्रश्न : आमची बारा जणींची भिशी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चारची वेळ. सगळ्या जमेपर्यंत पाच वाजतात. उशिरा येणारीला ५० रुपये दंड लावला, तर आता पाच-सात जणी ५० ची नोट हातात धरूनच येतात! (नाशिक)

उत्तर : तुमचा दंड दंड राहिला नाही, ते तिकीट झालं. आधी उशिरा येणारीच्या मनात जी थोडी लाज असायची, ती ५० रुपयांत विकत मिळाली.

नेमका असाच प्रयोग इस्राएलमधल्या हैफा शहरात झाला होता. संध्याकाळी मुलांना न्यायला पालक उशिरा येत म्हणून दहा पाळणाघरांपैकी सहांनी दंड सुरू केला: दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर मुलामागे १० शेकेल. उशिरा येणारे पालक कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाले. त्याहून मासलेवाईक गोष्ट पुढे आहे. काही आठवड्यांनी दंड बंद केला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आलाच नाही. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा नुसता दंड काढून टाकल्यानं तुमचं काम होणार नाही. काहीतरी नवं ठेवायला हवं.

चार वाजता येणाऱ्या बाईला आज काय मिळतं ते बघा. रिकामी खोली, चुलीवरचा चहा आणि तासभर वाट बघणं. वेळेवर येणारीला शिक्षा आणि उशिरा येणारीला तयार मैफल, असा कारभार आहे. भिशीत सगळ्यांचं लक्ष असतं ते चिठ्ठीकडे, आणि ती तुम्ही शेवटी काढत असणार.

चिठ्ठी पहिल्यांदा काढा. बरोबर ४.०५ ला. जिचं नाव निघेल ती त्या क्षणी हजर हवी. नसेल तर तिची चिठ्ठी परत डब्यात आणि दुसरी काढायची. पैशाचं नुकसान कुणाचंच नाही, कारण प्रत्येकीला एकदा रक्कम मिळणारच आहे. फक्त नंबर पुढे जातो. हा नियम सगळ्यांच्या संमतीनं, नव्या भिशीच्या पहिल्या महिन्यापासून लावा. मधूनच लावलात तर भांडण होईल. आजारपण, कुणाचं काही अचानक झालं, अशा वेळी चारच्या आत फोन आला तर ती हजर धरायची, पण अशी सूट वर्षातून एकदाच.

यातली कच्ची जागाही सांगून ठेवतो. जिची चिठ्ठी निघून गेली तिला आता वेळेवर यायचं कारण उरत नाही, आणि शेवटच्या महिन्यांत डब्यात एक-दोनच चिठ्ठ्या असतात. म्हणून सहाव्या महिन्यापासून चिठ्ठीच्या जोडीला ४.०५ ला हजर असलेल्यांमधून एक छोटी सोडत ठेवा. जमलेल्या दंडाच्या पैशातून गजरा, स्टीलचा डबा, काहीही. आणि वेळ 'चार' नको, 'चार वाजून पाच' म्हणा. 'चार' म्हटलं की आपल्याकडे ते साधारण असतं, ४.०५ म्हटलं की माणूस घड्याळ बघतो.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. नऊ वर्षांच्या मुलानं घरात मराठी बोलावं म्हणून प्रत्येक मराठी वाक्याला २५ सेंट देतो. आता तो 'हा चमचा आहे, ही खुर्ची आहे' असं म्हणत घरभर फिरतो आणि संध्याकाळी हिशेब मागतो. बाकी सगळं इंग्रजीत. (एक बाबा)

उत्तर : मुलगा हुशार आहे, काळजी नसावी. तुम्ही वाक्यं विकत घेताय, तो वाक्यं पुरवतोय.

१९०२ मध्ये व्हिएतनाममधल्या हनोईत फ्रेंच सरकारनं उंदीर मारणाऱ्याला शेपटीमागे पैसे द्यायला सुरुवात केली. शेपट्यांचे ढीग यायला लागले, पण शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीरही फिरताना दिसू लागले. शेपटी कापून उंदीर सोडून दिला की तो पिल्लं घालतो, आणि पिल्लांनाही शेपट्या असतात. काहींनी तर उंदीर पाळायलाच सुरुवात केली. जे मोजून पैसे द्याल ते येतं, जे हवं असतं ते येईलच असं नाही.

दुसरा धोका जास्त खोल आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. ज्या मुलांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात या मुलांनी स्केचपेनला बाकीच्यांच्या मानानं निम्माच वेळ दिला. ज्यांना प्रमाणपत्र न सांगता अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे बक्षीस वाईट नाही. आधी ठरवलेली मजुरी वाईट.

तेव्हा महिनाअखेरची तारीख सांगून ही योजना बंद करा आणि राहिलेले पैसे चोख द्या. इथे शब्द मोडलात तर पुढचं काहीच चालणार नाही. मग मराठीशिवाय मिळणारच नाही असं काहीतरी तिच्यामागे ठेवा. शनिवारी सकाळी तुमच्याकडे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात भारतात संध्याकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात. आजीला फोन लावायला उत्तम वेळ. पण 'आजीशी बोल' असं सांगू नका. त्यावर 'कशी आहेस, बरी आहे' एवढंच होतं. त्याला काम द्या: आजीकडून थालीपीठ शिकायचं. पीठ किती, कांदा कधी, भोक कशाला पाडायचं, हे सगळं त्यानं विचारायचं आणि तुम्ही त्याच्या हाताखाली काम करायचं. आजीलाही पढवून ठेवा, की एका वेळी एकच पायरी सांगायची, पुढची त्यानं विचारल्याशिवाय नाही.

रात्री जेवणानंतर बदाम सात खेळा. पान टाकताना 'किल्वर आठ', 'इस्पिक गुलाम' असं म्हटल्याशिवाय पान धरायचं नाही. चुका दुरुस्त करत बसू नका. 'मी पाणी पिली' म्हणाला तर 'पाणी प्यालास? बरं' एवढंच म्हणा आणि पुढे चला. 'मला इंग्रजी कळत नाही' हे नाटक दोन वर्षांच्या मुलापुढे चालतं. नऊ वर्षांचा मुलगा तुमच्या ऑफिसच्या मीटिंगा ऐकत असतो.

प्रश्न : आमची तीन मजली इमारत, खाली चार दुकानं. जिन्याच्या पहिल्या वळणावर गुटखा-तंबाखूच्या पिचकाऱ्या. 'थुंकू नये' लिहिलं, २०० रुपये दंडाची पाटी लावली, शेवटी देवांच्या टाइल्स बसवल्या. टाइल्सवर कुणी थुंकत नाही. दीड फूट बाजूला थुंकतात. (डोंबिवली)

उत्तर : देवांनी आपल्यापुरतं काम चोख केलं आहे. टाइल फक्त स्वतःची जागा राखते.

२०२० मध्ये मुंबई पोलिसांनी हॉर्न वाजवणाऱ्यांसाठी काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रं जोडली होती. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. हॉर्न वाजवून लवकर सुटायचं असतं, तेच काढून घेतलं. कल्पना झकास होती. (गप्प बसलेल्यांनाही थांबावं लागतं, हा तिचा दोष.) पण ही युक्ती थुंकणाऱ्यावर चालत नाही, कारण त्याला जे मिळतं ते तुम्ही काढून घेऊ शकत नाही. त्याचं तोंड भरलेलं असतं. तंबाखूचा रस गिळला तर मळमळतं, म्हणून तो कुठेतरी थुंकणारच. 'थुंकू नये' ही पाटी त्याला अशक्य गोष्ट सांगते. तुमच्या इमारतीला पाटी हवी ती 'इथे थुंका' अशी.

पिकदाणी ठेवा, आणि वळणावर नाही, त्याच्या आधी. दुकानाकडून जिन्याकडे येणाऱ्या वाटेवर, पहिल्या पायरीपाशी. पायानं झाकण उघडणारा दहा लिटरचा डबा, आत पिशवी, पिशवीत दोन-अडीच इंच कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा. रस शोषला जातो, वास आणि माश्या कमी राहतात. पिशवी रोज बदलायची. दोन दिवस राहिली की डब्याची घाण बघून लोक लांबूनच थुंकतात आणि नेम चुकतो. हे काम झाडूवाल्या मावशींच्या गळ्यात फुकट मारू नका. त्याचे वेगळे पैसे, रबरी हातमोजे आणि चिमटा सोसायटीनं द्यायचा. ते होणार नसेल तर पिकदाणी ठेवूच नका.

आता वळणाचा कोपरा. डाग पडलेली जागा स्वतःच सांगते की इथे थुंकायची पद्धत आहे, म्हणून आधीचा एकही डाग राहता कामा नये. सुका डाग खरवडू नका, धूळ नाकात जाते. साबणाच्या गरम पाण्यानं भिजवून ब्रशनं घासा. वर सरळ डिस्टेंपर मारलात तर आठवड्याभरात तांबूस डाग वर येतो, कारण काताचा रंग पाण्यात विरघळतो आणि पाण्याच्या रंगातून फुटतो. त्याखाली ऑइल प्रायमरचा एक हात हवा. स्वच्छ करताना ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो, आणि जिना ही कोंदट जागा.

मग कोपराच घालवा. दोन भिंतींच्या काटकोनात विटांची तिरपी भरणी करून चार फुटांपर्यंत साध्या फिक्या टाइल्स लावा. माणूस कोपऱ्यात थुंकतो, सपाट भिंतीवर समोरासमोर थुंकायला तो कचरतो. तिथे कुंडी ठेवायचा मोह टाळा. माती भरलेली कुंडी ही तयार पिकदाणीच. वळणावर हालचालीनं लागणारा सेन्सर दिवा बसवा, साधारण सात-आठ फुटांवर. हे सेन्सर समोरून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला चटकन टिपतात, म्हणून त्याचं तोंड जिन्याच्या चढाला आडवं ठेवा. अंधारातून येताना डोक्यावर अचानक उजेड पडला की माणूस वर बघतो, आणि वर बघत कुणी थुंकत नाही.

सुरू करण्याआधी आठवडाभर रोज सकाळी नवे डाग मोजून लिहून ठेवा, नंतर पुन्हा मोजा. नाहीतर पुढच्या मीटिंगमध्ये एक जण 'फरक पडला' म्हणेल, दुसरा 'काही पडला नाही'.

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. रात्री अंथरुणावर पडल्यावर सात-आठ वेळा विचारतात, 'अगं, गॅस बंद केलास का?' प्रत्येक वेळी 'हो आई' म्हणते. (पुणे)

उत्तर : आधी एक खात्री करून घ्या. उत्तर मिळाल्याचंच त्या विसरतात का? ओळखीची नावं, रोजचा रस्ता, नुकतंच झालेलं जेवण यांतही गोंधळ होतो का? तसं असेल तर युक्त्या करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तोवर 'आत्ताच सांगितलं ना' हे वाक्य टाळा.

आठवण ठीक असेल, तर हा काळजीचा प्रकार आहे, आणि 'हो आई' हेच त्याचं खतपाणी. उत्तरानं दोन मिनिटं बरं वाटतं, मग शंका परत येते, म्हणून पुन्हा विचारायचं. दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा लागतो, म्हणूनच तो टिकत नाही. बंद करण्याचं काम त्यांच्याच हाती द्या. रेग्युलेटरजवळ खिळ्याला एक लाकडी पाटी टांगा, एक बाजू लाल, एक हिरवी. रात्री दहाला त्यांनीच रेग्युलेटर बंद करायचा, पाटी हिरवी करायची आणि मोठ्यानं म्हणायचं, 'दहा वाजले, गॅस बंद.' मोठ्यानं बोललेलं नीट आठवतं. यांत्रिकपणे केलेलं आठवत नाही. नंतर विचारलंच तर 'आई, पाटी कुठली आहे?' एवढं शांतपणे विचारा. पाटी दुसऱ्या कुणी फिरवायची नाही, रात्री चहा करायला उठलेल्या मुलानंही नाही. एकदा पाटी खोटी ठरली की तिचा उपयोग संपला.

त्या पाटी बघायलाच रात्रीत दहा वेळा उठू लागल्या, तर चक्र तेच, फक्त तोंडाऐवजी पायांनी. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

प्रश्न : इंजिनिअरिंगला आहे. नखं खायची सवय लहानपणापासून. कडू लेप लावून झाला, कडुनिंबाचा रस झाला. चवीची सवय झाली! (अमरावती)

उत्तर : कडू लेप काम सुरू करतो नख तोंडात गेल्यावर. सवय त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते, हात वर निघतो तेव्हा, आणि तुला त्याची खबरच नसते.

म्हणून पहिले चार दिवस सवय थांबवू नकोस. फक्त नोंद ठेव: वेळ, कुठलं बोट, त्या वेळी काय चाललं होतं, आणि लगेच आधी काय जाणवलं. बहुतेकांच्या वहीत दोन-तीनच जागा निघतात, लेक्चर, मोबाइलवर व्हिडिओ बघताना, परीक्षेआधीचं वाचन. आणि बहुतेकांचं एक बोट आधी दुसऱ्या नखांवरून फिरून खरखरीत कड शोधत असतं. ती तुझी पहिली घंटा.

पाचव्या दिवसापासून घंटा वाजली की मूठ वळायची, हात मांडीवर किंवा बाजूला, दाब हलका, एक ते तीन मिनिटं किंवा तल्लफ उतरेपर्यंत. मूठच का? कारण वळलेल्या मुठीनं नख खाता येत नाही, आणि वर्गात कुणाच्या लक्षात येत नाही. पेन चावणं किंवा च्युइंगगम चालणार नाही; त्यात काम तोंडालाच मिळतं. नेथन अझ्रिन आणि आर. जी. नन यांनी १९७३ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. उशिरा आठवलं, नख खाऊन झालं, तरी मूठ वळायचीच.

खिशात नखं घासायची छोटी कानस ठेव आणि कड लागली की तीन-चार वेळा घास. रात्री नखांच्या मुळाशी खोबरेल तेलाचा थेंब लाव. सालपटं सुटली की दात तिकडे जातात. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणून रोज आरशात बघण्यात अर्थ नाही. दर रविवारी हाताचा एक फोटो काढ.

सवय मुद्दाम करून मोडण्याचीही एक जुनी पद्धत आहे. नाइट डनलॅप हे मानसशास्त्रज्ञ टाइप करताना 'द' या इंग्रजी शब्दातली अक्षरं उलटसुलट मारायचे. त्यांनी ठरवून तोच चुकीचा शब्द पुन्हा पुन्हा टाइप केला आणि चूक गेली. टायपिंगला ठीक, नखांना मुठीचीच पद्धत वापर. बोटातून पू किंवा रक्त येत असेल, किंवा जोडीला केसही उपटले जात असतील, तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आमचा दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर उडी मारतो. ओरडतो, ढकलतो, काही फरक नाही. (रत्नागिरी)

उत्तर : ढकलणं म्हणजे हात लागला, ओरडणं म्हणजे कुणीतरी बोललं. त्याच्या लेखी दोन्ही खेळ. छातीत गुडघा मारण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, इजा होते.

बुड जमिनीला टेकलेलं असताना उडी मारता येत नाही, तेव्हा शिकवायचं ते बसायला. आधी शांत खोलीत 'बस', मग दारापाशी, मग घरातलाच कुणी बाहेर जाऊन बेल वाजवेल तेव्हा, मग ओळखीचा शेजारी, सर्वांत शेवटी पाहुणा. एक पायरी दहापैकी आठ वेळा जमल्याशिवाय पुढची नाही. दिवसातून दोनदा, पाच-पाच बेला, आणि सुरुवातीला गळ्यात पट्टा व दोरी. खाऊ तुरीच्या दाण्याएवढा, उकडलेलं चिकन किंवा पनीर. कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. खाऊ त्याच्या हनुवटीच्या पातळीवर द्या. वर धरलात तर तुम्हीच उडी शिकवताय. पुढचे पाय उचलले की सगळ्यांनी हाताची घडी घालून भिंतीकडे बघायचं, एक शब्दही नाही.

पहिला आठवडाभर उड्या वाढतील. आणि घरी येणाऱ्यांत एखादे काका असतातच, जे 'असू दे हो, मला आवडतो' म्हणत त्याला अंगावर घेतात. दहातून एकदा मिळणाऱ्या लाडानं सवय सर्वांत चिवट होते, रोज मिळणाऱ्यानं नाही. त्या काकांना येण्याआधी फोन करा आणि खाऊची डबी त्यांच्याच हातात द्या.